४० चर खणले, ३७ रिकामे. बांधकामाआधी शेतात पुरातत्त्ववाले नक्की शोधतात तरी काय?

मोजपट्टी | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, मी जमीन मोजणीचं काम करतो. सध्या चार हेक्टर शेतजमिनीवर गोदामं व्हायची आहेत, त्या कामावर आहे. देश कुठला ते सोडा, मुद्दा तो नाही. इथे परवानगीआधी पुरातत्त्वाची तपासणी करावीच लागते. मला नकाशावर ४० चर आखून दिले, प्रत्येक २५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद. मी खुणा मारून दिल्या. मग जेसीबी आला आणि त्याच्या मागे थापी घेतलेली चार माणसं. दोन आठवडे खणायचं, उकिडवं बसून तळ खरवडायचा, फोटो काढायचे आणि पुन्हा बुजवायचं.

निकाल: ३७ चरांत काही नाही. उरलेल्या तिनांत काय, तर 'काळसर पट्टा'. मूर्ती नाही, भिंत नाही, साधा दगडसुद्धा नाही. पण ते पट्टे बघून ती माणसं इतकी खूश झाली की मला वाटलं हंडाच लागला.

कोणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा. मातीच्या डागात एवढं काय असतं? आणि बघायचंच होतं तर सगळं शेत का नाही खणलं? फक्त पाच टक्के बघून काय कळणार?

गल्लीतला_नाना | सोमवार, रात्री १०.५२

हंड्यावर नाग होता का ते आधी सांगा. नसेल तर हंडा खोटा.

खापरखुंटी | सोमवार, रात्री ११.३५

नाना, नाग कधीच नसतो. असतो तो गांडूळ, आणि तो आमची सगळी थरांची शिस्त बिघडवतो.

मोजपट्टी, मी बरीच वर्षं हेच काम केलंय, तेव्हा सविस्तर लिहिते. आपल्या भाषेत काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यानपिढ्या राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं, उष्टं-खरकटं एका जागी साचत गेलं की ती माती फिकट, भुसभुशीत होते. दख्खनमधल्या जुन्या वस्त्यांची टेकाडं 'पांढरी' म्हणूनच ओळखली जातात. आमचं काम थोडक्यात सांगायचं तर काळीखाली कुठे पांढरी लपली आहे का ते बघणं.

आता तुमचा काळसर पट्टा. समजा ३,००० वर्षांपूर्वी कोणी चारी खणली. खणताना खालचा मुरूम कापला गेला. पुढे वस्ती उठली, चारी हळूहळू भरली, पण भरली कशाने? वरच्या सुपीक, कुजक्या मातीने. ती गडद असते. मुरूम तसाच फिकट राहतो. चारीचे काठ, वरची जमीन, घरं, सगळं नंतरच्या नांगरटीने सपाट झालं, पण मुरमात कापलेला भाग जातो कुठे? एकदा कापलेला मुरूम पुन्हा जुळत नाही. लाकडी खांब रोवायला खणलेल्या खड्ड्याचंही तेच. खांब कुजून गेला तरी गोल काळा ठिपका राहतो. असे दहा-बारा ठिपके गोलात आले की तुमच्यासमोर घर उभं असतं, फक्त उंची नसलेलं.

म्हणून ती माणसं खूश झाली. दगडी भिंत कोणालाही दिसते. डाग बघायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो सकाळी ओल असताना दिसतो, दुपारी माती वाळली की गायब. जेसीबीची बकेट बिनदाती होती ना? दाताची बकेट लावली की तळावर ओरखडे उठतात आणि डाग दिसायचे राहतात. चालकही हलक्या हाताचा लागतो. चांगला चालक अर्ध्या प्राध्यापकाच्या तोडीचा असतो, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

मोजपट्टी | सोमवार, रात्री ११.५०

बकेट बिनदातीच होती! मला वाटलं दात तुटलेत, स्वस्तातली मशीन आणली.

प्लिंथलेव्हल | मंगळवार, सकाळी ९.१०

मी दुसऱ्या बाजूचा, बांधकामातला. कडवट बोलतो, राग मानू नका. ही तपासणी म्हणजे आमच्या खिशातून दुसऱ्याच्या हौसेचा खर्च. जमीन आम्ही घेतली, पैसे आम्ही दिले, वर तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी चारीचं बिलही आम्हीच भरायचं?

खापरखुंटी | मंगळवार, दुपारी १.२०

राग कसला, हा प्रश्न नेहमीचा आहे. उत्तर असं की जो हलवतो तो निस्तरतो. ती चारी हजारो वर्षं मुरमात सुखाने पडून होती. तिला आज जो धोका आहे तो तुमच्या पायाचा. युरोपातल्या देशांनी १९९२ साली माल्टातल्या व्हॅलेटा इथे करार केला, त्यात हेच तत्त्व आहे: प्रकल्पामुळे लागणाऱ्या पुरातत्त्वाच्या कामाचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरायचा. पर्यावरणाच्या अहवालाचा धरता तसाच.

इंग्लंडमध्ये तर त्याआधीच ठेच लागली होती. १९८९ साली लंडनमध्ये एका कार्यालयीन इमारतीच्या जागी रोझ नाट्यगृहाचा पाया निघाला. हे १५८७ मधलं. तोवर परवानगी देऊन झालेली, यंत्रं दारात, आणि समोर नटनट्यांसकट लोकांची गर्दी. शेवटी आराखडा बदलून अवशेषांच्या वरून इमारत उभी करावी लागली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, तिथल्या सरकारने नियोजनाची मार्गदर्शक सूचना काढली की आधी तपासा, मग परवानगीचं बघू. तेव्हा हा नियम फक्त पुरातत्त्ववाल्यांच्या हट्टातून आलेला नाही, बांधकामवाल्यांच्या डोकेदुखीतूनही आलाय.

प्लिंथलेव्हल | मंगळवार, दुपारी २.०५

हे मात्र पटलं. आमच्या एका कामावर पाया खणताना हाडं निघाली होती. पोलीस आले, मग डॉक्टर, मग पुरातत्त्ववाले. भाड्याची क्रेन तेवढे दिवस नुसती उभी. आधी चार चर खणले असते तर तो कोपरा बागेसाठी सोडला असता.

कसणारा | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

बांधकामवाले आणि पुरातत्त्ववाले आपसात बोलून घेतील, पण ज्याची जमीन आहे त्याचं काय? माझ्या रानातून पाइपलाइन जायची होती, त्याआधी असेच चर खणले. बुजवताना खालचा मुरूम वर आणि वरची कसदार माती खाली. तीन हंगाम त्या पट्ट्यांत पीक ढेपाळलं. जमिनीत निचऱ्याचे पाइप होते, त्यातले दोन तोडले आणि सांगितलंसुद्धा नाही. पुढच्या पावसात पाणी तुंबलं तेव्हा कळलं. इतिहास महत्त्वाचा असेल, मी नाही म्हणत नाही. पण ही माती पण शेकडो वर्षांत तयार झालीय.

खापरखुंटी | मंगळवार, रात्री ९.४०

कसणारे दादा, यावर बचाव नाही. चूक ती चूक. रीत अशी की वरची नांगरटीची माती चराच्या एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. बुजवताना उलट्या क्रमाने, आधी खालची, थोडी दाबून, मग वरची. पाऊस पडून चिखल झाला असेल तर मशीन रानात घालायचीच नाही, चाकाखाली माती दबून घट्ट होते. निचऱ्याचा पाइप तुटला तर तिथल्या तिथे खूण करून मालकाला दाखवायचा आणि दुरुस्त करून मगच बुजवायचा. हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी करारात घ्या. जुन्या पाइपांचा नकाशा असेल तर तोही आधीच देऊन ठेवा. नसेल तर कोणत्या भागात पाणी लवकर ओसरतं एवढं सांगितलंत तरी आमचं निम्मं काम होतं.

आणि खरं सांगू का, पहिल्या दिवशी शेताच्या मालकाशी तासभर बोललं नाही तर माझ्या मते ते पथक कच्चं. कुठे नांगर अडतो, कुठल्या पट्ट्यात पीक आधी पिवळं पडतं, कुठे खापरं वर येतात, हे त्याला कुठल्याही यंत्राआधी ठाऊक असतं. कारण साधं आहे. बुजलेल्या चारीवर माती खोल आणि ओल जास्त, म्हणून पीक उंच, हिरवंगार. गाडलेल्या भिंतीवर माती उथळ, तिथे पीक खुरटं. विमानातून हे नकाशासारखं दिसतं. २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा न्यूग्रेंज या प्राचीन दफनवास्तूजवळच्या शेतात एका ड्रोनला पिकात उमटलेलं अख्खं प्राचीन वर्तुळ दिसलं. ते शेत कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

वाचनमात्र_२ | मंगळवार, रात्री १०.१०

चर न खणता यंत्राने बघता येत नाही का? एमआरआयसारखं काहीतरी असेल ना.

खापरखुंटी | मंगळवार, रात्री १०.५५

आहे, आणि बहुतेक वेळा चरांच्या आधी तेच करतात. चुंबकमापी घेऊन शेतात मीटर-मीटरच्या रांगांनी चालायचं. माती भाजली की तिच्यातल्या लोहाचं चुंबकत्व बदलतं, म्हणून चूल, भट्टी लगेच उमटते. चारीत भरलेली वरची मातीही थोडी वेगळी दिसते. फरक किती, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५०,००० नॅनोटेस्ला (हे ते मोजायचं एकक) आणि चारीचा फरक त्यात दोन-चार. चालणाऱ्याच्या बुटात खिळा असला तरी नकाशा खराब.

पण यंत्राला जमीन आवडावी लागते. बसॉल्ट खडक स्वतःच चुंबकीय, त्यावर ही दोन-चार एककं हरवून जातात. जमिनीत रडारच्या लहरी सोडाव्यात तर ओली चिकणमाती त्या गिळून टाकते. दख्खनच्या काळ्या मातीत या दोन्ही अडचणी एकदम. त्यातून ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, वरचं खापर भेगेतून खाली जातं, आणि दोन हजार वर्षं जुन्या थरात बिडीच्या बंडलाचा कागद सापडतो. हसू नका, त्यावर अर्धा दिवस वाद घातलाय आम्ही.

म्हणून यंत्राने सांगितलेलं चर खणून पडताळायचं. रिकामे चरही मुद्दाम रिकाम्या दिसणाऱ्या जागी घेतात, यंत्र खोटं बोलतंय का ते बघायला.

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ८.३०

अच्छा! म्हणजे ३७ रिकामे हा फुकट गेलेला खर्च नाही, तोच निकाल आहे? पण पाच टक्क्यांचा प्रश्न तसाच आहे. चार हेक्टरांत माझे चर फक्त २,००० चौरस मीटर. उरलेल्या ३८,००० मध्ये काय आहे ते कोणी पाहिलंय?

खापरखुंटी | बुधवार, दुपारी १.४५

कोणीच नाही. प्रश्न नेमका विचारलात, तर उत्तरही सरळ देते.

जी गोष्ट लांबट असते ती चरांत सापडते. चारी, रस्ता, शेताची जुनी हद्द कुठल्या ना कुठल्या चराला आडवी जातेच. मोठी वस्तीही सापडते. सुटतात त्या लहान आणि विखुरलेल्या गोष्टी: पाच-सहा खांबांचं एकुटवाणं घर, दोन-चार दफनं, एखादी चूल. दोन चरांमध्ये २५-३० मीटर अंतर असेल तर अख्खं घर त्या मधल्या जागेत आरामात बसतं.

माझ्या हातून हे झालंय. एका शेतावर चर घेतले, एका जागी जरा गडद ठिपका होता. पावसाचे दिवस, हात गारठलेले, मी 'झाडाच्या मुळाचा खड्डा' म्हणून नोंद केली आणि पुढे गेले. रिपोर्टात लिहिलं, या भागात काही नाही. वर्षभराने रस्त्यासाठी माती काढली तेव्हा त्याच्यापासून चार मीटरवर दफनं निघाली, एकाला लागून एक. माझा ठिपका त्यातल्याच एकाचा कोपरा होता. नशीब की माती काढताना आमचा माणूस देखरेखीला होता. तो नसता तर ती दफनं भरावात गेली असती, आणि माझा 'काही नाही' कायमचा खरा ठरला असता. तेव्हापासून मी मुळांचे खड्डेसुद्धा अर्धे कापून बघते. सहकारी वैतागतात.

टक्केवारी सगळीकडे सारखी नसते. फ्रान्समध्ये साधारण पाच ते दहा टक्के खणतात, आणि तिथे या कामासाठी २००२ पासून वेगळी राष्ट्रीय संस्थाच आहे, इन्राप. सगळं का खणत नाहीत, याचं कारण नुसता पैसा नाही. उत्खनन म्हणजे ते ठिकाण संपवणंच. एकदा खणलेला थर परत रचता येत नाही. म्हणून जे वाचवता येतं ते जमिनीतच ठेवायचं, पाया थोडा सरकवायचा, तिथे हिरवळ करायची. आम्ही खणतो ते मुख्यतः कुठे खणायचं नाही हे ठरवायला.

गल्लीतला_नाना | बुधवार, दुपारी २.००

बघा, म्हणजे हंडा त्या ३८,००० मध्येच आहे. मेटल डिटेक्टर घेऊन निघतो.

प्लिंथलेव्हल | बुधवार, दुपारी २.१५

नाना, तुम्हाला आधी नोटीस देऊ का?

खापरखुंटी | बुधवार, रात्री ९.२०

नानांच्या निमित्ताने दोन गोष्टी. १९९९ मध्ये जर्मनीत नेब्राजवळ दोघांनी चोरून खणून ब्राँझची तबकडी काढली. सूर्य, चंद्रकोर, तारे सोन्यात जडवलेले. काढताना अवजाराने तिची कड फोडली, मग ती चोरबाजारात फिरली आणि २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पोलिसांनी सापळा लावून परत मिळवली. कुठे, कशाशेजारी, कुठल्या थरात होती हे नंतर चोरांकडून आणि मातीच्या कणांवरून जुळवत बसावं लागलं.

दुसरी १९९२ ची, इंग्लंडमधल्या हॉक्सनची. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला म्हणून मित्र डिटेक्टर घेऊन आला. सोन्या-चांदीची रोमन नाणी निघायला लागली. हा गृहस्थ थांबला, कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी ते जसंच्या तसं उचललं. सुमारे १५,००० नाणी, दागिने, आणि पेटी कुजून गेलेली असली तरी तिच्यात काय कशावर ठेवलं होतं तेसुद्धा कळलं. हातोडाही सापडला, तोही संग्रहालयात आहे.

वाचनमात्र_२ | बुधवार, रात्री ९.५०

आणि भारतात? तिथे असे चर खणतात का?

खापरखुंटी | बुधवार, रात्री १०.३०

संरक्षित स्मारक असेल तर कायदा कडक आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली, संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. पण ज्याच्यावर पाटीच नाही अशा साध्या शेतजमिनीवर बांधायच्या आधी तपासणी करायची सरसकट सक्ती नाही. शेतात दडलेलं धन सापडलं तर १८७८ चा कायदा लागतो, किंमत दहा रुपयांच्या वर गेली की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपयांचा आकडा १८७८ चाच आहे.

नियोजनपूर्वक बचाव झालेला मोठा दाखला आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याचा. धरणाखाली खोरं जाणार म्हणून १९५४ ते १९६० तिथे उत्खनन झालं आणि काही वास्तू डोंगरावर नेऊन उभारल्या. तो डोंगर आता जलाशयातलं बेट आहे. पण बहुतेक वेळा शेतकऱ्याची कुदळच पहिली पोचते. दायमाबादचा ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना निघाले, सगळ्यांचं वजन ६० किलोच्या वर. उत्तर प्रदेशातल्या सिनौलीला शेत सपाट करताना हाडं-भांडी वर आली, मग २००५ मध्ये उत्खनन सुरू झालं आणि शंभराहून जास्त दफनं निघाली.

उलट घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक हंगामामागून हंगाम शांतपणे खणलं. १३० च्या वर घरं, धान्यकोठार, पुराचं पाणी वळवायचा कालवा. तिथे सोन्याचा हंडा नव्हता. पण तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी कधी गहू पेरत होता आणि दुष्काळ वाढल्यावर कसा मेंढपाळीकडे वळला, हे जळक्या दाण्यांतून आणि हाडांतून कळलं. दुर्दैव म्हणजे अशा कितीतरी पांढरींची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली. राखेची माती, पिकाला उत्तम. म्हणून आज काळीत जी खापरं नांगराला लागतात ती नेहमी तिथलीच असतील असं नाही, शेणखताबरोबर आलेलीही असतात.

कसणारा | बुधवार, रात्री १०.४५

माझ्याकडे बांधावर अशी खापरं डबाभर आहेत, काळ्या रंगाची नक्षी आहे. टाकून देऊ की काय करू?

खापरखुंटी | बुधवार, रात्री ११.००

टाकू नका! घासू पण नका, नुसत्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. कुठल्या बांधाजवळ, कोणत्या वर्षी सापडलं ती चिठ्ठी डब्यात टाका. खापराची किंमत त्या चिठ्ठीत असते. मग जवळच्या संग्रहालयात किंवा विद्यापीठात दाखवा.

मोजपट्टी | २३ दिवसांनी, रात्री ११.१०

धागा वर काढतोय. त्या तीन चरांभोवतीची माती काढली, जवळपास पाऊण एकर. तिन्ही पट्टे एकाच चारीचे निघाले! गोल चारी, पूर्वेला साडेतीन मीटरची फट. आत खांबांचे अकरा खड्डे. फट म्हणजे दार, असं पथकातल्या एका मुलीने सांगितलं. एका खड्ड्यातली माती पाण्यात ढवळली तर वर जळके दाणे तरंगले, ते काळ ठरवायला प्रयोगशाळेत गेलेत. आराखडा काही सरकवता आला नाही, म्हणून सगळं खणून नोंदवून घेतलं. परवा तिथे काँक्रीट पडलं.

प्रत्येक खड्ड्याचे अक्षांश-रेखांश मीच घेतले. आता एक शंका. माझ्या संगणकातल्या नकाशात गोदामाच्या लेयरखाली तो गोल अजून आहे, त्या गोलाच्या लेयरला मी 'घर' असं नाव दिलंय. साहेब म्हणतात, जागेवर आता काहीच नाही तर नकाशातून काढून टाक. काढू का?

खापरखुंटी | २३ दिवसांनी, रात्री ११.१४

अजिबात नाही. साहेबांना हवी ती प्रत वेगळी काढून द्या आणि मूळ फाइल रिपोर्टाला जोडायला आमच्या लोकांकडे पाठवा, नावासकट.

गल्लीतला_नाना | २३ दिवसांनी, रात्री ११.२०

दार पूर्वेला होतं म्हणजे माणूस शहाणा होता. आमचं पश्चिमेला आहे, संध्याकाळभर डोळ्यांवर ऊन.